मेलेले सगळं विसरतात, तर ओडिसियसची आई त्याला ओळखते कशी?

तुम्ही शाळेतल्या मुलांसाठी, ट्रॉयच्या युद्धावरून घरी परतणारा ग्रीक वीर ओडिसियस याच्या पाताळयात्रेवर छोटं नाटक बसवताय. संदर्भासाठी घेतलेल्या पुस्तकात असं वाचलंत की पाताळाचा देव हेडीस याच्या राज्यात आलेला प्रत्येक मृतात्मा लेथे नदीचं पाणी पितो आणि मागचं सगळं विसरतो. पण मूळ कथेत ओडिसियसची मेलेली आई त्याला ओळखते, त्याच्याबरोबर ट्रॉयला लढलेला अकिलीस आपल्या मुलाची चौकशी करतो, सेनापती अगामेम्नॉन स्वतःच्या खुनाची हकीकत सांगतो. मग यातलं खरं काय, ही कथा सांगणाऱ्या कवी होमरची चूक झाली का, आणि लेथे म्हणजे आपली वैतरणीच ना, असं तुम्ही विचारलंय.

होमरची चूक नाही. तुमच्या पुस्तकाने तीन-चार वेगवेगळ्या काळांतल्या कल्पना एकाच नकाशावर मांडल्या, त्यामुळे हा गोंधळ झाला. बावीस वर्षं मी प्राचीन ग्रीक शिकवते आहे आणि दर वर्षी पहिल्याच महिन्यात कुणी ना कुणी हा प्रश्न विचारतं. तेव्हा मी फळ्यावर एक आडवी रेघ मारते, डाव्या टोकाला होमर लिहिते, उजव्या टोकाला रोमन कवी व्हर्जिल. दोघांच्या मध्ये सातशे वर्षांच्या आसपास अंतर आहे. तुकारामांच्या गाथेपासून आपण आज जितके लांब, त्याच्या जवळपास दुप्पट. इतक्या काळात परलोकाचं चित्र जसंच्या तसं राहील असं आपण कुठल्याच समाजाबद्दल मानत नाही. ग्रीकांपाशी सर्वांना बांधील असा एक धर्मग्रंथही नव्हता, त्यामुळे कवीगणिक आणि पंथागणिक पाताळ बदलत गेलं.

म्हणून कुणी ‘ग्रीक पाताळात असं असतं’ म्हटलं की माझा पहिला प्रश्न असतो: कुणाच्या पाताळात?

होमरपासून सुरुवात करू, कारण तुमचं नाटक त्याच्यावर आहे. ‘ओडिसी’च्या दहाव्या सर्गात जादूगारीण सर्सी ओडिसियसला वाट सांगते, तेव्हा नद्यांची नावं घेते. आकेरॉन, तिला मिळणाऱ्या पिरिफ्लेगेथॉन आणि कोकिटस, आणि ही कोकिटस म्हणजे स्टिक्सचाच एक फाटा. या यादीत लेथे नाही. होमरची दोन्ही महाकाव्यं, ‘इलियड’ आणि ‘ओडिसी’, संपूर्ण चाळलीत तरी लेथे नावाची नदी सापडणार नाही.

मग होमरच्या मेलेल्यांना होतं काय? इथे मराठीने मला फार मदत केली आहे. आपण रोजच्या बोलण्यात दोन गोष्टी वेगळ्या ठेवतो. एखाद्याची शुद्ध हरपते, भान जातं. आणि एखाद्याला आठवत नाही. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या आठवणी पुसल्या गेलेल्या नसतात, त्यांच्यापर्यंत पोचायला तो जागा नसतो, इतकंच. होमरच्या मृतात्म्यांचं असं झालेलं आहे. अकिलीस त्यांच्यासाठी जो शब्द वापरतो तो आहे ‘आफ्राडेएस’. इंग्रजी भाषांतरांत त्याचं काहीही होवो, मी मराठीत ‘भान नसलेले’ असंच करते. मेल्यानंतरही मन शाबूत राहिलेला एकटा भविष्यवेत्ता टायरेसियस. हे देणं पाताळाची राणी पर्सेफोनीने त्याला दिलं होतं. बाकीचे सावल्यांसारखे भिरभिरत असतात.

आता अकराव्या सर्गातला तो प्रसंग जवळून बघा. ओडिसियसने हातभर लांब, हातभर रुंद खड्डा खणलाय. त्यात मध-दुधाचं मिश्रण, मग गोड दारू, मग पाणी ओतलंय, वर जवाचं पांढरं पीठ भुरभुरवलंय. मेंढे कापले, काळं रक्त खड्ड्यात वाहतंय. तलवार उपसून तो कडेला बसलाय, टायरेसियसच्या आधी कुणालाही रक्ताजवळ येऊ द्यायचं नाही म्हणून. त्या गर्दीत त्याला आई दिसते, अँटिक्लिया. तो ट्रॉयला निघाला तेव्हा ती जिवंत होती, ती गेल्याचं त्याला इथे कळतंय. तो रडतो, पण तिलाही पुढे येऊ देत नाही. टायरेसियसचं भविष्य सांगून झाल्यावर तो विचारतो, माझी आई तिथे रक्ताशेजारी गप्प बसली आहे, पोटच्या पोराकडे बघायला, बोलायला धजत नाही. मी तोच आहे हे तिला कळावं कसं? टायरेसियस म्हणतो, सोपं आहे, ज्याला रक्तापाशी येऊ देशील तो खरं बोलेल. ती येते, पिते आणि लगेच ओळखते. ‘बाळा, जिवंत असताना या अंधारात कसा आलास?’ हे तिचं पहिलं वाक्य.

विस्मरणाचं पाणी प्यायलेल्या बाईला रक्ताचा एक घोट सगळं परत देईल, असं यात कुठेही नाही. तिची आठवण आतच होती. रक्ताने भान आलं, भानाबरोबर ओळख आली. पुढे ती सांगते की ती आजाराने गेली नाही, त्याच्या ओढीने झुरून गेली. इतकं नेमकं दुःख जिच्याकडे आहे तिने काहीच विसरलेलं नाही.

माझ्या वर्गात एकदा एक मध्यमवयीन विद्यार्थिनी होती, तिच्या आईला स्मृतिभ्रंश झालेला. हा उतारा झाल्यावर तिने मला थांबवून ‘गप्प बसली आहे’ ही ओळ पुन्हा वाचायला लावली. माझं तेव्हाचं भाषांतर होतं ‘विसरून बसली आहे’. मूळ शब्दाचा अर्थ सरळ ‘गप्प’ असा आहे, विसरण्याचा त्यात मागमूस नाही. लेथेचं ओझं मीच होमरवर लादलं होतं. तेव्हापासून ती ओळ मी ‘गप्प’ अशीच ठेवली.

याच सर्गात अजून एक पुरावा आहे, आणि तो मला सर्वांत पटतो. तो आहे ट्रॉयला लढलेला ग्रीक योद्धा अजॅक्स. अकिलीसच्या मृत्यूनंतर त्याची शस्त्रं ओडिसियसला मिळाली, अजॅक्सला नाही, आणि त्या अपमानात अजॅक्स गेला. पाताळात ओडिसियस त्याची मनधरणी करतो. अजॅक्स लांब उभा राहतो, एक शब्द न बोलता वळतो आणि काळोखात निघून जातो. त्याने रक्त प्यायल्याचा उल्लेखही नाही. मेल्यानंतर त्याच्याकडे उरलाय तो फक्त राग. हे विसरलेल्या माणसाचं लक्षण म्हणता येईल का?

होमरमध्ये विसरण्याचं भय आहेच, फक्त ते जमिनीवर आहे. कमळ खाणाऱ्यांच्या देशात ओडिसियसची माणसं ते गोड फळ खातात आणि घरी जायचं विसरतात. सर्सी खाण्यात औषध मिसळते ते मायदेश पूर्ण विसरावा म्हणून. हेलन दारूत असं काही टाकते की समोर आई-बाप मेले तरी त्या दिवशी डोळ्यांतून पाणी येऊ नये. जिवंतपणी विसरण्याचे इतके सापळे, आणि मेलेल्यांच्या गावात मात्र प्रत्येक जण आपापली आठवण धरून बसलेला. मुलांना हे नाटकातून दिसलं तर ती ही कथा आयुष्यभर लक्षात ठेवतील असं मला मनापासून वाटतं.

प्रामाणिकपणे एक अपवाद सांगायला हवा. ‘इलियड’च्या बाविसाव्या सर्गात ट्रॉयच्या हेक्टरला मारल्यावर अकिलीस म्हणतो की हेडीसमध्ये मेलेल्यांना विसरत असतील तरी मी तिथेही माझ्या जिवलग सोबत्याची आठवण ठेवीन. म्हणजे पाताळात विसर पडतो ही समजूत तेव्हाही हवेत होती. पण ती समजूतच, तिला अजून नदी नाही, पाणी नाही, सक्ती नाही.

लेथे हे नाव प्रथम व्यक्ती म्हणून भेटतं, ग्रीक कवी हेसिअडच्या ‘थिऑगनी’मध्ये. तिथे ती कलहदेवी एरिसची मुलगी आहे आणि तिची भावंडं आहेत कष्ट, उपासमार, वेदना. त्याच ग्रंथात स्मृतिदेवी म्नेमोसिने नऊ म्यूझना, म्हणजे काव्य-गायनाच्या देवींना, जन्म देते, आणि कवी म्हणतो की त्या जन्मल्या त्या दुःखाचा विसर पडावा म्हणून. स्मृतीच्या पोटी विसराचं सुख देणाऱ्या मुली! गाणं ऐकताना घरचा व्याप विसरलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही.

पुढे इसवी सनपूर्व 405 मध्ये ॲरिस्टोफेनीसच्या ‘बेडूक’ या नाटकात नावाडी कॅरॉन गिऱ्हाइकांना हाका मारतो, त्यात ‘लेथेच्या मैदानाला कोण येणार?’ अशीही हाक आहे. म्हणजे तोवर अथेन्सच्या प्रेक्षकाला हे नाव पाताळातल्या एका ठिकाणाचं म्हणून ओळखीचं होतं. थीसियस आणि त्याचा मित्र पर्सेफोनीला पळवायला गेले तेव्हा हेडीसने पाहुणचाराचं निमित्त करून त्यांना लेथेच्या आसनावर बसवलं आणि ते त्याला चिकटले, हीही एक कथा आहे. ही अपोलोडोरसच्या नावावरच्या संग्रहात येते, जो बराच नंतरचा.

सगळं बदलतं ते प्लेटोपाशी. ‘रिपब्लिक’च्या शेवटी तो एर नावाच्या सैनिकाची गोष्ट सांगतो. एर लढाईत पडला, बाराव्या दिवशी चितेवर जिवंत झाला आणि पलीकडे काय पाहिलं ते सांगू लागला. तिथे आत्मे पुढचा जन्म स्वतः निवडतात. मग सगळे लेथेच्या मैदानात येतात, झाड नाही, गवत नाही, जीवघेणा उकाडा. संध्याकाळी अमेलेस, म्हणजे ‘निष्काळजी’, नावाच्या नदीकाठी मुक्काम. या नदीचं पाणी कुठल्याच भांड्यात राहत नाही. प्रत्येकाने ठरलेलं माप प्यायचं, ज्यांना विवेक नाही ते मापाबाहेर पितात, आणि प्यायलेला सगळं विसरतो. मध्यरात्री गडगडाट होतो, भूकंप होतो आणि आत्मे तुटत्या ताऱ्यांसारखे जन्माकडे फेकले जातात. एरला तेवढं पाणी पिऊ दिलं नाही, म्हणून तर आपल्याला गोष्ट कळली.

विसरण्याची गरज का पडली हे इथे लक्षात येतं. होमरच्या मेलेल्यांना परत जन्म नाही, ते तिथेच राहणार. त्यांनी विसरायचं कशासाठी? पुनर्जन्म आला की अडचण उभी राहते: मी आधी जगलो असेन तर मला आठवत का नाही? लेथेचं पाणी हे या अडचणीचं उत्तर आहे. मी विद्यार्थ्यांना हीच खूण देते. पाणी पिऊन विसरायचं दिसलं की आजूबाजूला पुनर्जन्म आहे का ते शोधा, बहुतेक वेळा असतोच. बहुतेक म्हणते, कारण पुढचे लॅटिन कवी ‘लेथेचं पाणी’ हा शब्द सरसकट मृत्यूसाठीही वापरतात, तिथे ही खूण चालत नाही.

व्हर्जिलच्या ‘इनिड’चा सहावा सर्ग या खुणेवर अगदी नेमका बसतो. त्याचा नायक इनियस पाताळात जातो, तेव्हा लेथेकाठी असंख्य आत्मे उन्हाळ्यातल्या कुरणावर मधमाश्या घोंघावाव्यात तसे जमलेले असतात. तिथे भेटलेले वडील अँकायसिस त्याला समजावतात की ज्यांना दुसरं शरीर मिळायचं आहे ते हे पाणी पितात, हजार वर्षं भरल्यावर. पण त्याच सर्गात थोडं आधी इनियसला डायडो भेटते, त्याने सोडल्यावर जिने जीव दिला ती राणी. तो रडून समजूत काढतो, ती नजर जमिनीवर खिळवून उभी राहते आणि न बोलता वळून निघून जाते. व्हर्जिलने होमरचा अजॅक्स उचलून डायडोला दिलाय. ज्या पाताळात लेथे वाहते तिथेही डायडो काही विसरलेली नाही. तेव्हा ‘आलेला प्रत्येक जण पितो’ हे तुमच्या पुस्तकातलं वाक्य व्हर्जिललाही लागू पडत नाही.

आता तो भाग, ज्याच्याबद्दल लिहायला मला सर्वांत आवडतं. सामान्य माणसं काय मानत होती, हे कवी आणि तत्त्वज्ञांच्या पलीकडे जाऊन थोडंसं कळतं ते थडग्यांतून. 1969 मध्ये दक्षिण इटलीत, जुन्या हिप्पोनियॉन या ग्रीक वसाहतीच्या जागी, एका स्त्रीच्या कबरीत घडी घातलेला सोन्याचा पत्रा सापडला. काळ इसवी सनपूर्व 400 च्या आसपास. उलगडल्यावर जेमतेम सहा सेंटिमीटर लांब आणि तीन रुंद, त्यावर सोळा ओळी कोरलेल्या. मी विद्यार्थ्यांना त्या मापाचा कागद कापायला लावते आणि बॉलपेनने सोळा ओळी लिहायला सांगते. नवव्या-दहाव्या ओळीला बहुतेकांचे हात थांबतात. मग त्यांना कळतं की ज्याने टोकदार सळईने सोन्यावर हे कोरलं त्याने ते किती जपून केलं असेल. मेलेल्या बाईने काळोखात उघडून वाचायची ती चिठ्ठी होती.

चिठ्ठीत आधी म्हटलंय की हे म्नेमोसिनेचं आहे. मग वाट: उजवीकडे झरा लागेल, शेजारी पांढरं सुरूचं झाड. उतरून आलेले आत्मे तिथे गारवा घेतात. त्या झऱ्याच्या जवळपासही जाऊ नकोस. पुढे स्मृतीच्या तळ्यातून वाहणारं गार पाणी लागेल, त्यावर रखवालदार असतील. ते विचारतील, हेडीसच्या अंधारात काय शोधतेस? सांग, मी पृथ्वीचं आणि ताऱ्यांनी भरलेल्या आकाशाचं लेकरू आहे. तहानेने कोरडी पडले आहे, जीव चाललाय. स्मृतीच्या तळ्याचं गार पाणी मला लवकर द्या.

पहिल्या झऱ्याला पत्र्यावर नावच नाही. तो लेथेचा असणार असं बहुतेक अभ्यासक मानतात, मीही मानते, पण हा आपला तर्क आहे. ब्रिटिश म्युझियममध्ये असलेल्या, पेटेलिया इथे सापडलेल्या अशाच पत्र्यावर तोच झरा डावीकडे आहे. वाटाड्यांमध्येही एकमत नव्हतं! ठाम आहे ती तहान, आणि न विसरता पलीकडे जायची ओढ. असे पत्रे मृतांबरोबर ठेवणाऱ्या पंथाची दीक्षा घेतलेल्यांसाठी मोक्षाची किल्ली स्मृती होती.

जिवंतपणी हे दोन्ही घोट घ्यायची सोयही एका ठिकाणी होती. बिओशियातल्या लेबाडिया इथे, म्हणजे आजच्या लिवाडियात, ट्रोफोनियसचं भविष्यकथनाचं स्थान होतं. दुसऱ्या शतकातला प्रवासी पॉसेनियस स्वतः तिथे उतरला होता. तो सांगतो, आधी हर्किना नदीत स्नान, मग लेथेचं पाणी, डोक्यातले आधीचे विचार जावेत म्हणून. मग म्नेमोसिनेचं पाणी, खाली दिसेल ते लक्षात राहावं म्हणून. हातात मधाच्या वड्या घेऊन अरुंद भोकातून पाय आधी घालून उतरायचं, आणि वेगवान नदीने ओढावं तसं शरीर आत ओढलं जायचं. बाहेर आलेल्याला पुजारी म्नेमोसिनेच्या आसनावर बसवून काय पाहिलं ते विचारत. माणूस भीतीने अर्धमेला असे. पॉसेनियस म्हणतो, नंतर भान परत येतं आणि हसूही परत येतं. इथे विसरणं हे आठवण्याची पूर्वतयारी आहे. पाटी पुसायची ती नवं लिहिण्यासाठी.

वैतरणीबद्दल. तुलना मोहाची आहे, पण जुळत नाही. वैतरणी पार करायची असते, तिच्यासाठी गोदान असतं. तिचं नातं लावायचंच तर कॅरॉनच्या नावेशी आणि मृताच्या तोंडात ठेवलेल्या नाण्याशी लावा. लेथेच्या कथेचा गाभा तिचं पाणी पिण्यात आहे. आपल्याकडे तिच्या जवळ जाणारी कल्पना वेगळीच आहे. गर्भोपनिषदात गर्भातल्या जिवाला मागचे जन्म आठवत असतात आणि जन्मताक्षणी वैष्णव वायूचा स्पर्श झाला की तो ते विसरतो. पोटात ‘सोऽहम्’ म्हणणारं बाळ बाहेर येताच ‘कोऽहम्’ म्हणून रडतं, हे आपण आजीकडून ऐकलेलं. अडचण तीच, प्लेटोसारखीच: आधी होतो तर आठवत का नाही? एकाने दुसऱ्याकडून घेतलं असा निष्कर्ष मात्र यावरून काढू नका.

तुमच्या नाटकापुरतं सांगायचं तर हे तुम्ही काय दाखवणार यावर अवलंबून आहे. ओडिसियसचीच यात्रा असेल तर लेथे पूर्ण काढून टाका. आईला रंगमंचाच्या कडेला सुरुवातीपासून गप्प बसवा, मुलांना वाटू दे की ती कुणीतरी अनोळखी बाई आहे. रक्ताऐवजी लाल कापड चालेल. ती एकदम मान वर करून ‘बाळा’ म्हणेल तिथे पार्श्वसंगीत नको. मग तो तीनदा तिला मिठी मारायला जातो आणि ती तीनदा सावलीसारखी हातातून निसटते, एवढं नीट बसवा, त्याची तालीम जास्त घ्या. नदी दाखवायचीच असेल तर वेगळा छोटा प्रवेश एरच्या गोष्टीवर करा. त्यासाठी मुलांच्या हातात तळ नसलेली भांडी द्या, कारण त्या नदीचं पाणी कशातच राहत नाही.